काळं कडं शाबूत आहे का?

प्रिय मित्रा,

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी एमआरआय कशाला, असं तू विचारलंस. गाठ मोजायला तर हवाच, पण त्याआधी ऑपरेशन करावं की नाही हे ठरवायला. गाठ पॅरामेट्रियममध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाजूच्या मऊ ऊतींमध्ये, शिरली असेल (फिगो या जागतिक स्त्रीरोग संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणातली आयआयबी पायरी), तर केमोरेडिएशन, म्हणजे केमो आणि रेडिएशन एकत्र, द्यायचं. हे आधी न कळता पोट उघडलं, तर त्या बाईला ऑपरेशनही होतं आणि मागाहून रेडिएशनही. लघवीचे, आतड्याचे त्रास, पायांची सूज, सगळं दुप्पट.

सगळ्यात जास्त जपायचं ते कापांच्या कोनाला. आधी सॅजिटल टी२ (बाजूनं पाहिल्यासारखं उभं एमआरआय चित्र) घ्यायचा, त्यावर सर्व्हिक्सची, म्हणजे गर्भाशयमुखाची, नळी शोधायची आणि तिला बरोबर काटकोनात ३ मिमीचे काप घ्यायचे. फॅट सॅच्युरेशन (चरबी काळी करणारं तंत्र) नको. चरबी पांढरी राहिली तरच कड उठून दिसते. निरोगी स्ट्रोमा (सर्व्हिक्सच्या भिंतीतली घट्ट ऊती) काळ्या कड्यासारखा दिसतो, गाठ राखाडी. ते कडं सगळीकडून ३ मिमीहून जाड असेल, तर पॅरामेट्रियम मोकळं आहे असं जवळपास खात्रीनं म्हणता येतं. नेहमीचे आडवे काप झुकलेल्या सर्व्हिक्सला तिरपे छेदतात, कडं एका बाजूला पुसट होतं आणि नसलेला आयआयबी रिपोर्टात येतो. मोठ्या गाठीभोवतीची सूजही असंच फसवते. म्हणून नुसतं कडं तुटलेलं पुरेसं नाही. गाठ खडबडीत कडेनं बाहेर आलेली दिसायला हवी.

बायोप्सीनंतर लगेच एमआरआयला पाठवू नकोस, आठ-दहा दिवस जाऊ देत. रक्त आणि सूज गाठीसारखीच दिसतात. ४ ते ६ तास उपाशी, मूत्राशय अर्धं भरलेलं, आणि काचबिंदूसारखी अडचण नसेल तर आतडं शांत करणारं हायोसिन २० मिग्रॅ; आतडं हललं की चित्र पुसट होतं. लहान गाठीसाठी डिफ्यूजन (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारं चित्र) हवंच, बी-मूल्य (त्या चित्राची तीव्रता) ८०० ते १०००, पण एडीसीवर (त्यातूनच काढलेल्या नकाशावर) ती काळी आहे ना हे पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

माप तिन्ही दिशांनी घ्यायचं. २ आणि ४ सेंमी या सीमांवर उपचार बदलतात. मूल हवं असलेल्या मुलीत गाठीपासून अंतर्मुखापर्यंतचं (गर्भाशयाकडच्या आतल्या तोंडापर्यंतचं) अंतरही मोजून माग. साधारण १ सेंमी तरी मोकळं असल्याशिवाय ट्रॅकेलेक्टॉमीचा (गर्भाशय राखून फक्त गर्भाशयमुख काढण्याचा) विचार करू नये.

लिम्फ नोड्सबाबत (लसिका ग्रंथींबाबत) एमआरआय तोकडाच. ग्रंथीचा आखूड व्यास १० मिमीच्या आत असला तरी आत कॅन्सर असू शकतो. गाठ मोठी असेल तर पेट-सीटी (कॅन्सरच्या जागा उजळून दाखवणारा स्कॅन) करावा. ते परवडत नसेल तर निदान मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत स्कॅन वर नेऊन घे. गाठीमुळे मूत्रपिंड फुगलेलं असेल तर ती आयआयआयबी, म्हणजे पुढची पायरी, ऑपरेशनचा प्रश्नच उरत नाही.

फॉर्मवर नुसतं ‘एमआरआय पेल्विस’ लिहू नकोस. बायोप्सीची तारीख, तपासणीत काय हाताला लागलं आणि ‘सर्व्हिक्सला काटकोनात काप’ एवढं लिहिशील ना?

तुझा,
जुना मित्र