दहा माणसांचा हिशेब

मा. संपादक,

सांगलीत एका साडीच्या दुकानात मी 11 वर्षे साड्या उलगडल्या, घड्या घातल्या. लागले तेव्हा आम्ही 12 जण होतो, सोडताना 8. ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षे काम करून नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम, मागितली तर शेठ म्हणाले, "दहाच्या आत माणसं असली की लागू नाही." मी मुकाट घरी आले. पुढे कळले, ग्रॅच्युइटीचा कायदा एकदा लागू झाला की नंतर माणसे घटली तरी सुटत नाही. मूळ पगार 12 हजार. नोकरीच्या दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. 76 हजारांवर रक्कम होते! शेठ वाईट नाहीत, त्यांनाही कुणी सांगितले नसेल. कामगार कार्यालयाने हा नियम सोप्या मराठीत छापून प्रत्येक दुकानात गल्ल्याशेजारी लावायला सांगावा.

— एक माजी विक्रेती, सांगली