अण्णांचं सी हॉक

माहीम, मुंबई
27 जुलै 2025

प्रिय दिन्या,

"व्हॉट्सअॅपवर तुकडे पाडून सांगू नकोस, एकदा बसून सलग लिही," असं तू दटावलंस म्हणून कागद घेतला. आज रविवार, कालपासून पाऊस नुसता कोसळतोय आणि अशा हवेत रंग मारायचा नाही असा मी कानाला खडा लावलाय. का, ते पुढे येईलच.

अण्णांचं सी हॉक, म्हणजे विक्रांतवरच्या त्या लढाऊ विमानाचं मॉडेल, करायला घेतलंय. प्रमाण 1/72, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. विमान नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम सतरा सेंटिमीटर, आपल्या कंपासपेटीएवढं. खोका आला तेव्हा कुरियरवाल्यांनी त्यावर बहुतेक बैठक मारली होती. कॅनोपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला, कोपऱ्यात बारीक तडा गेलेला. तक्रार केली, उत्तर आलं नाही. सोड.

आता या विमानातली गंमत ऐक. इंजिन एकच, रोल्स-रॉइसचं नीन, पण हवा घ्यायला दोन्ही पंखांच्या मुळाशी दोन तोंडं आणि जाळ सोडायलाही दोन्हीकडे दोन नळ्या. शेपटीकडे एकही भोक नाही. त्यामुळे मागचा सगळा भाग इंधनाच्या टाकीला मोकळा मिळाला. खरं विमान बनवणाऱ्यांची सोय झाली, माझी मात्र वाट लागली. त्या त्रिकोणी तोंडांच्या आत जोडाची रेघ राहते आणि तिथे बोट जात नाही. आईस्क्रीमच्या काडीला 1000 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून दोन रविवार नुसतं खरवडत होतो. शिवाय चाक नाकाखाली, म्हणजे नाकात वजन घातलं नाही तर विमान बूड टेकून बसणार. कोळीवाड्यातून जाळ्याला लावतात ते शिसं आणलं आणि ठेचून कॉकपिटच्या पुढे भरलं. देणाऱ्या मावशींनी विचारलं, "मासेमारी कधीपास्नं?" विमानात भरायचंय म्हटल्यावर त्यांनी पैसेच घेतले नाहीत. कीव आली असणार.

आता काम करताना लावतो त्या गाण्यांबद्दल, कारण तू दर वेळी खवचटपणे विचारतोस की ते तुझं "फ्रीजचं संगीत" अजून चालू आहे का. आहे. वैशूचा शेराही कायम आहे. ती दारात उभी राहून पाच मिनिटं ऐकते आणि म्हणते, "हे सुरू कधी होणार?" तिचं चुकत नाही. सुरू न होणं हाच त्याचा गुण आहे, पण हे मला पटायला एक विमान खर्ची पडलं.

झालं असं, की मार्चमध्ये मला चरणजित सिंगचं वेड लागलं होतं. हा आपल्या मुंबईचा माणूस, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. 1982 साली याने रोलंड कंपनीची तीन वाद्ययंत्रं घेतली, ठेक्याचं 808, खर्जाचं 303 आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर, आणि त्यांवर राग वाजवले. खाली डिस्कोचा ठेका, वर भैरव. रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच 303 मधून तसलाच पिळवटलेला आवाज काढला आणि त्या नाचाच्या संगीताला अॅसिड हाउस हे नाव पडलं. आपली रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग तोंडात बोट घालून बसलं. त्या शिकागोवाल्यांनी ही ऐकली असण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्यामुळे "अॅसिड हाउस मुंबईत जन्मलं" असं छाती फुगवून सांगणारे मला आवडत नाहीत. पण ऐक एकदा. यंत्राला मींड घ्यायला लावलीय रे त्याने.

तर ते लावून मी आधीच्या विमानाची पाठ घासत होतो. ठेका अंगात भिनला, हात त्या लयीत चालू लागला आणि रेकॉर्डची एक बाजू संपली तेव्हा पाहतो तर पाठीवरच्या पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या, रेघा सगळ्या गुळगुळीत! केसाएवढ्या बारीक रेघा त्या, पुन्हा कोरायच्या म्हणजे सुई घेऊन आठवडा. ते विमान अजून कपाटावर उताणं पडलंय. तेव्हापासून ठेका फक्त स्प्रूवरून, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, भाग कापताना. पॉलिश पेपर हातात आला की ठेका बंद.

आणि आता बारीक कामाला ब्रायन ईनो, हळू वाजत राहणाऱ्या अँबियंट संगीतातला इंग्रज. त्याचं तुला सांगितलं होतं का? 1975 च्या जानेवारीत त्याला टॅक्सीने उडवलं. अंथरुणावर पडून होता, मैत्रीण हार्पची रेकॉर्ड लावून गेली, आवाज मात्र अगदी बारीक राहिला. उठून वाढवण्याची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. पावसातून मधूनच एखादा सूर वर यायचा, आणि हे असंही ऐकता येतं हे त्याला तिथे उमगलं. नंतर विमानतळासाठी म्हणून त्याने जे केलं त्यात टेपची कमी-जास्त लांबीची वेटोळी आहेत. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा तिसाच्या आसपास. त्यामुळे तीच जुळणी सहसा पुन्हा भेटतच नाही. मी आवाज इतका कमी ठेवतो की पाऊस, हार्बरची लोकल आणि वरच्या काकूंचा कुकर त्यात आपापल्या फेऱ्या मारत राहतात. परवा डिकल, म्हणजे चिन्हांचं पातळ स्टिकर, पाण्यातून काढून पंखावर सरकवत होतो, चिमटा हातात, श्वास रोखलेला, आणि तिसरी शिट्टी नेमकी सुरात आली. हसू आवरलं म्हणून डिकल वाचलं.

डिकलवरून आठवलं. आपल्या विमानांवरच्या तिरंगी गोलातला बाहेरचा केशरी रंग या खोक्यात थेट ऑरेंज गोळीसारखा छापलाय. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर तो तसा दिसेल का? माझ्या मते नाही. दोन पिढ्यांचं खारं वारं खाल्लेलं केशरी मवाळ असणार. अण्णांना विचार.

पावसात रंग का नाही, ते राहिलंच. गेल्या शनिवारी धीर धरवला नाही. बाल्कनीत खोका आडवा केला, स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा त्याला बसवलेला आहेच, आणि पोटाला "स्काय" मारला. नावाला स्काय, आभाळाशी काही संबंध नाही, कैरी कापल्यावर सालीलगत जो फिकट हिरवा दिसतो तो रंग. छान बसला. चहा घेऊन येतो तर सगळ्यावर पांढुरकी साय! थिनर भराभर उडतं, तसा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावरच धरतं. फुलपात्रात बर्फ घातल्यावर बाहेरून घाम येतो ना, तसंच. कॉम्प्रेसरच्या बाटलीतही अर्धा चमचा पाणी साठलं होतं. सावकाश वाळणारं थिनर घालून पुन्हा एक हात दिला की साय जाते म्हणतात, पण आता कोरड्या दिवसाची वाट बघतोय.

आता मुद्दा. पोट पांढरं पडायच्या आधी काढलेला फोटो तू अण्णांना दाखवलास आणि ते एवढंच म्हणाले, "पंख उघडे कशाला ठेवलेत?" मी रात्रभर त्याचाच विचार करत होतो. 2003 मध्ये आपण तिघं विक्रांतवर गेलो होतो ते आठव. संग्रहालय झालेलं ते जहाज, आणि आपण दोघं सी हॉकच्या तोंडात डोकं घालून बघत होतो. अण्णा मात्र विमानाकडे बघतच नव्हते. जमिनीतली साखळी अडकवायची खाच बुटाने चाचपत होते. 71 च्या डिसेंबरात, बावीस वर्षांचे असताना, त्यांचं काम तेच: विमान ढकलणं, बांधणं, पंख दुमडणं. 4 तारखेला याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ला केला हे आपण वाचलेलं. त्यांना आठवत होतं ते बॉयलरचं दुखणं. चारांतला एक धड नव्हता, जहाजाला वेग कमी, म्हणून विमानं उडवायला वाऱ्याची वाट बघत डेकवर उभं राहायचं. 2014 मध्ये विक्रांत 60 कोटींना भंगारात गेली आणि मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडायला घेतली तेव्हा मी तुला कळवलं होतं. अण्णांना सांगू नकोस म्हणालास.

तर पंख. त्यांनी पाहिलेलं सी हॉक बहुतेक वेळ दुमडलेलंच असणार. उघडं म्हणजे आता जायला निघालेलं. किटमध्ये पंख अखंड आहेत. दुमडायचे तर ब्लेडएवढ्या करवतीने दोन्ही कापायचे, आतल्या बिजागऱ्या तारेतून करायच्या आणि डिकल पुन्हा मिळवायचं. करीन, त्याचं काही नाही. पण एकदा कापले की परत सरळ होत नाहीत.

म्हणून त्यांना नीट विचार. फोनवर नको, संध्याकाळी ओटीवर बसतात तेव्हा. त्यांना वर हवेत की उघडे? तुझं उत्तर येईपर्यंत करवत डब्यात आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
बाळ्या

ता. क. मावशींना द्यायला येताना आंबापोळी आण. शिशाचे पैसे बाकी आहेत.