दांड्या नंतर लावू, भिंत आत्ताच तयार करू

ती. आई-बाबा,

शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला आराखडा मिळाला. आलेखाच्या कागदावर इतक्या स्वच्छ रेघा अजून कोणी मारतं का, माहीत नाही. छोट्या घराची बाकीची मांडणी मला पटली. खिडकीखालचा पलंग आणि त्याच्या पोटातले कप्पे तर फारच आवडले. फक्त बाथरूमवर अडले. तुम्ही त्याला ९० बाय १५० सेंटिमीटर जागा दिली आहे आणि बाजूला लिहिलं आहे, ‘एवढं पुरे, तिथे कोण बसून राहतं!’ एवढं नाही पुरत, बाबा. बाकी कुठलीही खोली लहान झाली तर थोडी गैरसोय होते. बाथरूम लहान पडली तर माणूस ओल्या फरशीवर एका पायावर वळतो.

माझं मागणं १३० बाय २०० चं आहे. जास्तीची जागा पलंगाशेजारच्या कपाटातून घ्यावी लागेल. आईला कपाट जाणार म्हणून वाईट वाटेल. पण कपडे कमी करता येतात, कमोडपुढची जागा नंतर वाढवता येत नाही.

कागदावर पटणार नाही, म्हणून एक करा. आत्ता राहता त्या घरात मोकळ्या फरशीवर खडूने १३० बाय २०० चा चौकोन आखा. लांब बाजूच्या एका टोकाला ९० सेंटिमीटर अंघोळीसाठी सोडा. उरलेल्या ११० सेंटिमीटरमध्ये मागच्या भिंतीला पाठ करून खुर्ची ठेवा, तो कमोड. खुर्चीचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर यायला हवा. पुस्तकी किमान ३८ चं आहे, पण त्यात कोपर भिंतीला घासतं. मग खुर्चीवर बसा, पुढे झुका आणि उठा. उठताना डोकं किती पुढे जातं ते दुसऱ्याने बघा. समोर ५३ सेंटिमीटर मोकळे असले की नियमात बसतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचं डोकं उठताना त्याहून पुढे जातं. माझ्या आराखड्यात तिथे जवळजवळ ७५ उरतात. तुमच्या आराखड्यातही हाच खेळ खेळून बघा, मग मला फार बोलावं लागणार नाही.

कमोड भिंतीला टांगलेला घ्यायचा की जमिनीवरचा, हे तुम्ही विचारलं होतं. टांगलेल्याने जागा वाचते असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. त्याचं भांडं पुढे येतं साधारण ५२ सेंटिमीटर, पण फ्लशची टाकी आणि लोखंडी चौकट भिंतीच्या आत मावायला पंधराएक सेंटिमीटर लागतात. म्हणजे बेरीज जमिनीवरच्या कमोडएवढीच होते. चौकट आधीपासूनच असलेल्या जाडीत घुसली तरच फायदा. आपल्याकडे ती घुसते, कारण मागची भिंत स्वयंपाकघराची आहे आणि पलीकडे खालच्या कपाटांमागे तेवढी जागा फुकट जात होती. म्हणून टांगलेलाच घेऊ. खालची फरशी पुसायला सोपी जाते हा आईचा मुद्दाही त्यात येतो. वजनाची काळजी करू नका, चौकट नीट बसवली तर हे कमोड ४०० किलोच्या भाराला तपासलेले असतात.

त्याचा आणखी एक उपयोग आहे, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बैठकीची उंची बसवताना आपण ठरवू शकतो. बाजारातले जमिनीवरचे कमोड बहुतेक ४० सेंटिमीटरचे असतात, बाबांना तेवढ्यावरून उठणं जड जाईल. ४७-४८ केलं तर आईचे पाय टेकणार नाहीत आणि मांड्यांखाली दाब येईल. आईचे पाय पूर्ण टेकले पाहिजेत, ते मी सोडणार नाही. मधली उंची घेऊ आणि बाबांना उठायला हाताचा आधार देऊ.

इथे आपला वाद येतो, ठाऊक आहे मला. बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, ‘आत्ताच आधाराच्या दांड्या कशाला? घराला दवाखान्याची कळा येईल.’ तुमचं म्हणणं मी मनापासून ऐकलं. स्वतःच्या घरात रोज सकाळी आजारपणाची आठवण कोणालाच नको असते. तर दांड्या आत्ता लावू नका. पण त्या पेलेल अशी भिंत आत्ताच बांधून घ्या. या घराच्या भिंती हलक्या आहेत: लाकडी सांगाडा, त्यावर सिमेंटचा बोर्ड, त्यावर टाइल. अशा बोर्डात मारलेला स्क्रू टॉवेल धरतो, घसरणारा माणूस धरत नाही. आधाराच्या दांडीवर शंभर-सव्वाशे किलोचा झटका येऊ शकतो हे धरूनच ती बसवायची असते. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या रबरी दांड्या मिळतात, त्या मला अजिबात नकोत. त्या सुटतात, आणि नेमक्या कोणी भार टाकला की सुटतात.

म्हणून बोर्ड लावण्याआधी सांगाड्याच्या उभ्या लाकडांमध्ये जाड प्लायवूड पक्कं बसवून घ्यायचं. १८ मिलिमीटरचं चालेल, ओल सहन करणारं. कमोडशेजारची भिंत आणि अंघोळीच्या भागातल्या भिंती, जमिनीपासून ४० सेंटिमीटरपासून १५० पर्यंत सलग. सलग यासाठी की पुढे दांडी आडवी लागेल, उभी लागेल की घडीची बैठक लागेल, ते आज आपल्याला सांगता येणार नाही. खर्च आणि वेळ दोन्ही किरकोळ. नंतर तेच करायचं तर टाइल फोडाव्या लागतील आणि त्यामागचं वॉटरप्रूफिंगही.

आणि बोर्ड लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. मोजपट्टी जमिनीला टेकवून भिंतीला उभी धरायची, दुसरी आडवी, कोपऱ्यापासून सुरू केलेली, आणि आकडे वाचता येतील इतक्या जवळून फोटो. पाइप कुठून गेलेत, वायर कुठे आहे, प्लायवूड कुठे संपतं, सगळं त्यात येतं. त्या फोटोंवरून पुढे कोणीही अनोळखी माणूस नेमकी जागा शोधून भोक पाडू शकेल. प्रिंट काढून घराच्या कागदपत्रांत ठेवा, फोनमध्ये ते हरवतात.

अपवाद म्हणून एकच दांडी आत्ता लावू द्या, कमोडशेजारी, इंग्रजी एल आकाराची. आडवा भाग जमिनीपासून ८५ सेंटिमीटरच्या आसपास. मुठीत सहज मावेल इतकीच जाड, साडेतीन सेंटिमीटरची, आणि भिंतीपासून तीन-चार सेंटिमीटर सुटी. त्याहून जास्त सुटी ठेवली तर तोल गेल्यावर हात मागे अडकतो. दिसायला ती टॉवेलच्या दांडीसारखीच असते. उठताना बेसिनला धरायची सवय बाबांना आहे, ती मला फार खटकते. छोटं बेसिन त्यासाठी बनलेलं नसतं.

बेसिन दाराच्या कोपऱ्यात, भिंतीपासून २५ सेंटिमीटरच पुढे येणारं. तोंड धुताना थोडं पाणी उडेल, उडू दे, खालची फरशी ओल्याचीच आहे.

दार सरकतं हवं, आणि ते बाहेरच्या बाजूने भिंतीवर सरकणारं. बाबांच्या आराखड्यात ते आत उघडतं. आत कोणी पडलं तर त्याच्याच शरीराने दार अडतं आणि बाहेरच्याला काही करता येत नाही. मला या एका गोष्टीसाठी भांडावं लागलं तरी मी भांडेन. उघडी जागा ७५ सेंटिमीटरची मिळते, कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घेऊ. दार उघडलं की समोर कमोड दिसतो हे आईला आवडणार नाही. मलाही फारसं आवडत नाही. पण तो बाजूला न्यायचा तर त्याच्यापुढची मोकळी जागा जाते, आणि मी ती जागा ठेवेन.

उंबरठा नको. पूर्ण खोली एकाच पातळीवर, अंघोळीच्या भागालाही कट्टा नाही, काचेचं पार्टिशन नाही, फक्त पडदा. काच सुंदर दिसते, पण एवढ्या जागेत ती कायमची मध्ये उभी राहते. उद्या कोणाला मदतीला आत उभं राहावं लागलं तर पडदा बाजूला होतो, काच होत नाही. मोकळी ठेवली की तीच ९० सेंटिमीटरची जागा अंघोळ नसताना वळायला मिळते.

मात्र कट्टा काढला की सगळा भार उतारावर येतो. अंघोळीच्या भागात मीटरला साधारण दीड सेंटिमीटर उतार, टोकाच्या भिंतीलगत लांबट जाळी, म्हणजे उतार एकाच दिशेला राहतो. मध्यभागी गोल जाळी ठेवली तर चारही बाजूंनी उतार काढावा लागतो, मोठ्या टाइल कापाव्या लागतात आणि पायाखाली जमीन वाकडी लागते. उरलेल्या भागात उतार अगदी हलका, पण जाळीकडेच. हा उतार टाइलखालच्या थरातच काढून घ्यायचा, ‘टाइल लावताना बघू’ असं कोणी म्हणालं तर थांबवा. वॉटरप्रूफिंग पूर्ण फरशीला आणि भिंतींवर वीतभर, अंघोळीच्या भागात शॉवरच्या वरपर्यंत. झालं की जाळी बुजवून पाणी भरायचं आणि निदान २४ तास तसंच ठेवायचं. पाण्याच्या कडेला पेन्सिलने खूण करा, दुसऱ्या दिवशी खाली वाकून लाकडी तुळयांना हात लावून बघा. लाकडी घरात गळती लवकर दिसत नाही, ती आतल्या आत कुजवते. त्या एका दिवसासाठी काम थांबलं म्हणून कोणी कुरकुरलं तरी ऐकू नका.

बाबा, तुम्ही विचारलंत की पाइपला ते वाकडं वळण हवंच का, खालची उंची त्याने वाढते. हवंच. त्या वळणात पाच सेंटिमीटर पाणी साचून राहतं आणि गटारातला वास तेवढ्यावरच अडतो. एका खोलीच्या घरात तो वास थेट उशाशी येईल. हे वळण १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने आपल्या फ्लशच्या पेटंटमध्ये आणलं. तुम्हाला घड्याळं उघडायची हौस, म्हणून मुद्दाम सांगते.

आई, आता तुझे रंग. तुला सगळं पांढरं हवं आहे, जागा मोठी वाटते म्हणून. भिंती पांढऱ्या कर, अगदी छतापर्यंत. पण फरशी गडद असू दे. वय वाढलं की एकमेकांजवळचे रंग वेगळे ओळखणं कठीण होतं. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड रात्री अर्धवट झोपेत दिसत नाही, आणि साचलेलं पाणीही दिसत नाही. टाइल लहान घे, मागे जाळीला चिकटवलेल्या पाच-पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांच्या. सांधे जास्त, म्हणून पाय धरून ठेवतात आणि उतारावर नीट बसतात. सांधे घासावे लागतील हे खरं, त्यासाठी सांधे भरायचा मसाला, म्हणजे ग्राउट, राखाडी घेऊ. दुकानात टाइलवर पाणी ओतून अनवाणी उभी राहून बघ. टाइलच्या माहितीत पकडीचा दर्जा आर ११ असा दिलेला असेल तर ती बऱ्यापैकी पकड असलेली.

गरम पाण्याचं एक मात्र माझ्यावर सोपवा. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर त्यात जंतू वाढू शकतात. पण ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत खोल भाजतं, आणि वयात कातडी पातळ झालेली असते. म्हणून शॉवरला तापमान धरून ठेवणारा मिक्सर हवा, ज्याची मूठ ३८ अंशांवर अडते आणि मुद्दाम बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाही. हा मी पाठवते. हातात धरायचा शॉवर आणि त्याची वर-खाली होणारी उभी पट्टीही सोबत.

एक्झॉस्ट फॅनची हवा थेट घराबाहेर गेली पाहिजे, छताच्या पोकळीत नाही. अंघोळीनंतर वीसेक मिनिटं तो आपोआप चालू राहील असा टायमर लावून घ्या. एवढ्या घरात बाथरूमची वाफ बाहेर गेली नाही तर अंथरुणात जाते. विजेला ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण, असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्या आणि दिव्यांची बटणं बाथरूमबाहेरच्या भिंतीवर ठेवा. रात्रीसाठी फरशीजवळ एक मंद दिवा, हालचालीने लागणारा. वरचा मोठा दिवा डोळ्यांवर येतो आणि मग झोप उडते, ही तक्रार आईची कधीपासूनची आहे.

आता माझं काम. टेकून न बसता खुर्चीवर सरळ बसा, पावलं सपाट, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचं अंतर मोजा. दोघांचं वेगवेगळं, घरात घालता त्या चपलांसह. शिवाय बाबा, भिंतीला लावलेल्या कागदावर उठताना तुमचा हात आपसूक जिथे जातो तिथे आईला खूण करायला सांगा, ती उंचीही कळवा. सुतार बोर्ड लावायला येईल त्याच्या आधी हे आकडे मला हवेत, म्हणजे चौकटीची उंची आणि प्लायवूडच्या खुणा घालून नवा आराखडा मी तुम्हाला पाठवते. तोवर त्याला ती भिंत उघडीच ठेवायला सांगा.

तुमची,
धाकटी