ड्रॉइंगातला नव्हे, ओतलेला इंपेलर तपासा

महोदय,

उद्यमनगरात गेली पस्तीस वर्षं मी पंपाच्या इंपेलरचे, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पानांच्या चाकाचे, पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने) करतोय. पंचगंगाकाठच्या एका उपसा सिंचन संस्थेच्या पंपाचा इंपेलर दोन हंगामांत खाऊन गेला आणि कारखानदारानं ठपका आमच्यावर ठेवला. ‘कास्टिंगच सच्छिद्र आहे,’ म्हणाले. मला ते फार लागलं.

इंपेलर दुकानात आणून बॅटरीच्या उजेडात पाहिला. पाणी आत शिरतं त्या कडेपासून बोटभर अंतरावर, पानाच्या पाठीवर, पोळ्यासारखे खड्डे. सहाही पानांवर त्याच जागी! ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेली भोकं, अशी जागा धरून पडत नाहीत. शिवाय एप्रिलात नदी खाली गेली की पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज येतो, असं संस्थेचा ऑपरेटर सांगत होता.

माझी पुतणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ओपनफोम हे प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर २००४ पासून खुलं आहे, त्याला लायसन्सचा पैसा पडत नाही. त्यात तिनं पंपातल्या पाण्याच्या जागेचे लाखो बारीक कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्यात पाणी किती आलं, किती गेलं, कुठल्या बाजूनं किती दाब पडला, याचा हिशोब नेव्हिए आणि स्टोक्स यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या समीकरणांनी होतो. बारीक भोवरे सगळे पकडता येत नाहीत, त्यांचा सरासरी अंदाज धरावा लागतो. रात्रभर कॉम्प्युटर चालला आणि सकाळी उत्तर आलं: सगळं ठीक, दाब कुठंच फार उतरत नाही.

मी शेजारी बसून पडद्यावरच्या पानाची कड पाहिली. ड्रॉइंगप्रमाणे ३ मिलिमीटर, सुरेख. आमची कड तशी कधीच नसते. इतक्या पातळ जागेत लोखंड नीट भरत नाही म्हणून आम्ही ती जाड ठेवतो, पुढं फेटलिंगला, म्हणजे ओतल्यानंतरच्या साफसफाईत, घासली तर घासली. कॅलिपर लावला तर साडेसहा भरली. पुतणी म्हणाली, “काका, म्हणजे मी दुसराच इंपेलर फिरवत होते.” सहाही पानांची मापं घेऊन तिनं पुन्हा गणित मांडलं. या वेळी कमी दाबाचा निळा डाग उमटला तो नेमका खड्ड्यांच्या जागी.

तिथं दाब इतका उतरतो की थंड पाणीच उकळतं. बुडबुडे होतात, पुढं दाब वाढला की फुटतात आणि धातू टोचून काढतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं हवेचा दाब इथं पाण्याच्या पावणेदहा मीटर उंचीएवढाही भरत नाही. त्यातून नदी खाली गेल्यावरची सक्शनची, म्हणजे पाणी पंपापर्यंत ओढायची, उंची वजा करा, फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाची झडप) आणि बेंड (पाइपाचं वळण) यांतली दाबाची घट वजा करा. उरतं ते फार थोडं, त्यात जाड कड परवडत नाही.

कड घासून गोल केली आणि पंपाच्या तोंडाशी असलेला बेंड लांब सरकवला. यंदा आवाज पुष्कळ कमी आहे.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या लहान फौंड्रीवाल्याला हे एकट्यानं झेपणार नाही. औद्योगिक संघटना आणि कॉलेजांनी मिळून एक सामायिक केंद्र काढावं. तिथं कॉम्प्युटर हवा, ओतलेल्या कास्टिंगची मापं घेण्याची सोय हवी, आणि पाणी सोडून हेड (पाणी चढवायची उंची), डिस्चार्ज (किती पाणी पडतं) नि वीज मोजायला टेस्ट बेड, म्हणजे पंप चालवून तपासायची जागा, तर हवीच. त्यावर ताडून पाहिल्याशिवाय पडद्यावरच्या रंगांवर मी तरी पंप ओतणार नाही. पोरांच्या प्रोजेक्टला पॅटर्नमेकर आणि वाळूचा साचा भरणारा मोल्डर बोलवा, आम्ही येऊ.

तो खाल्लेला इंपेलर, त्याचा पॅटर्न आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा पाडायची पेटी) माझ्या दुकानात ठेवलेत. कुठल्याही कॉलेजनं अभ्यासाला न्यावेत.

– एक पॅटर्नमेकर, उद्यमनगर, कोल्हापूर