टोपी नको, पक्ष्याचं काय झालं ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर वन्यजीव स्वयंसेवकांच्या ‘मनःस्वास्थ्य शिबिरा’ची बातमी वाचली. फोटो झकास आलाय. व्यासपीठावर पाहुणे, पुढे समई, मागे भलामोठा फलक. ज्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी हा खटाटोप, ती मुलं फोटोत कुठे आहेत ते मात्र भिंग घेऊनही सापडलं नाही. श्वास कसा घ्यावा ते शिकवलं, प्रमाणपत्र दिलं, टोपी दिली. माझी भाची ती टोपी घेऊन घरी आली. सध्या मी ती जळमटं काढताना घालते, चांगली बसते.

शिबिराला माझा विरोध नाही. पण या मुलांना नेमका कशाचा त्रास होतो, हे आयोजकांनी एकदा तरी विचारायचं होतं. आपल्या वार्ताहरानेही विचारलेलं दिसत नाही. म्हणून मी सांगते.

यंदाच्या वासी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची, संध्याकाळ. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पतंग कापल्याचा ‘काय्पो छे’चा गजर, खाली उंधियोचा वास, आणि आमच्या जिन्यात टेबलफॅनच्या खोक्यात एक काळा शराटी पक्षी. शेजारच्या गल्लीतल्या मुलाने आणून दिला होता. मांजा पंखातून जाऊन पायाला गुंडाळलेला. भाचीने तो ओढला नाही, ओढायचा नसतोच. नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक वेढा कापत राहिली. चोचीत पाणी घालू दिलं नाही, खोक्यावर माझी जुनी सुती साडी टाकून अंधार केला. पंखाचं हाड उघडं पडलं होतं. एवढा मोठा पक्षी, पण आवाज काढला नाही त्याने. मग स्कूटरवर मागे मी खोकं धरून बसले आणि गर्दीतून वाट काढत आम्ही तो उपचार केंद्रावर पोचवला. तिथे रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा पावतीवर लिहिलं, ‘काळा पक्षी, नग १’.

वन्य पक्षी घरी ठेवता येत नाही, कायद्याने गुन्हा आहे. द्यावाच लागतो, आणि उपचार तिथेच होणार, हेही बरोबर. पण दिल्यानंतर काय? दुसऱ्या दिवशी भाचीने फोन केला. ‘साहेब बाहेर आहेत.’ परत केला, ‘नंतर करा.’ शेवटी जातीने गेली, तेव्हा खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, ‘बेन, आटलां बधां पक्षी आव्यां, तमारुं कयुं?’ म्हणजे एवढे सगळे पक्षी आले, त्यातला तुमचा कोणता? तिने पावती दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. इस्त्रीवाल्याकडे शर्ट टाकला आणि बटण तुटलं तर तोसुद्धा सांगतो हो!

तो शराटी जगला की मेला, आजतागायत आम्हाला माहीत नाही. खोकं तिने फेकू दिलेलं नाही. रात्री उठून गॅलरीत जाऊन बसते. ‘मावशी, मी दुपारीच निघाले असते तर?’ असं विचारते. दुपारी पक्षी आलाच नव्हता, हे तिला कितीदा सांगावं?

या मुलांना वाईट बातमी झेपत नाही असं कोणी समजू नये. उघडं पडलेलं हाड काही तासांत वाळलं की पंख धरत नाही, आणि उडता न येणारा पक्षी पुन्हा सोडता येत नाही, हे ती मला शिकवते. कधी कधी डॉक्टरांना त्याला शांतपणे झोपवावंही लागतं. तेवढं तिला कळतं. पण ते झालं की नाही, हेच कोणी सांगत नाही. केंद्रात नोंदवही असतेच. आणणाऱ्याचा मोबाइल नंबर पावतीवर असतोच. ‘वाचला’, ‘सोडला’, ‘गेला’, यातला एक शब्द पाठवायला शिबिर लागत नाही. वाईट रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मदतीचे फोन घ्यायचं काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं, एखाद्या जाणत्याने चहाला बोलावून ‘काल काय झालं गं?’ एवढं विचारावं. याला मंडप लागत नाही आणि टोपीही लागत नाही.

यावर आमचे शेजारी म्हणतात, ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं, पक्षीच तर होता!’ त्या दिवशी त्यांच्या अगाशीवर दोन फिरक्या होत्या. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. मांजा नायलॉनचा होता की साधा, ते मी विचारलं नाही, शेजारधर्म आहे.

मगरींचंही तेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा हीच पोरं वनखात्याच्या माणसांबरोबर रात्र रात्र कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मगरीच्या डोळ्यांवर गोणपाट टाकलं, तोंड बांधलं की ती बरीच शांत होते. माणसं होत नाहीत. मोबाइल घेऊन अंगावर येणारे, ‘इतका उशीर का?’ म्हणून शिव्या घालणारे, वर मगरीबरोबर फोटो मागणारे. या मुलांना पगार नाही, रजा नाही. परदेशात पशुवैद्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे अभ्यास आहेत. आपली फुकटात राबणारी पोरं तर कुणाच्या मोजणीतच नाहीत.

आणि संपादक महोदय, अर्ध्या पानाच्या त्या बातमीत सगळ्या मान्यवरांची नावं हुद्द्यासकट आहेत. जखमी जनावरासाठी १९६२ हा नंबरही चौकटीत आहे, छान. पण टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ कुठेही नाही. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. मनःस्वास्थ्याच्या बातमीत नेमका तोच नंबर कसा राहतो?

नंबर छापण्यावरून आठवलं. मागच्या पावसाळ्यात आपण भाचीचा खासगी मोबाइल नंबर न विचारता छापलात. तेव्हापासून रात्री बारा वाजता एसीच्या मागचं कबुतराचं घरटं काढायला बोलावणारे फोन येतात. एकाला सुरसागर तलावात कासव दिसलं, तर ‘घेऊन जा’ म्हणाला. मी तेव्हा पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर नाही, दिलगिरीची ओळही नाही. हे पत्र छापलंत तर उपकार होतील. नाव-पत्ता खाली दिला आहे तो आपल्या माहितीसाठी. तो छापू नये.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा