शनिवारच्या आत वाच

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला. तुझ्या आईला सांगितलंय, रेंज गेली. तू इतकंच म्हणालास, "शनिवारी सौरभ आम्हाला गोठलेल्या तळ्यावर नेणार आहे," आणि मी ओरडलो. तीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या पैशाने चार दिवस मित्राकडे स्टॉकहोमला जातो, त्यात ओरडण्यासारखं काय होतं? म्हणून लिहायला बसलोय. तळ्याचा विषय काढणार नाही.

सौरभच्या घरी बूट दाराशीच काढ, तिकडेही आपल्यासारखीच रीत आहे. दोघंही नोकरीवाली माणसं, तेव्हा आपलं ताट आपण धुवायचं, अंथरुणाची घडी करून ठेवायची. दिवाळीतलं मेतकूट उरलं असेल तर त्यांना दे. तिथल्या गोड पावात वेलची घालतात, हे तुझ्या आईला पटत नाही. खाऊन तिला सांग.

आणि वासा जहाज बघच. १० ऑगस्ट १६२८ ला निघालं ते जेमतेम १३०० मीटर गेलं आणि वाऱ्याच्या झोताने कलंडलं. तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, तिथून पाणी आत शिरलं. वर काढलं ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये. बाल्टिकचं पाणी फारसं खारट नाही, लाकूड पोखरणारी कीड तिथं जगत नाही, म्हणून अख्खं राहिलं. मला चटका लावणारी गोष्ट वेगळीच. निघण्याआधी धक्क्यावर तीस माणसांना या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिलं होतं. तिसऱ्या खेपेला जहाज असं डोलू लागलं की चाचणीच थांबवली. आणि तरीही सोडलं! राजाला घाई होती, बोलणार कोण?

मग मी बोललो तर बिघडलं कुठे?

पाटबंधाऱ्यात तेहतीस वर्षं काढली मी. बर्फ फ्रीजबाहेर पाहिला नाही, कबूल. पण त्याच्याखाली पाणीच आहे ना? स्टॉकहोमजवळच्या मेलारेन तळ्यातून वेस्तेरोस बंदराकडे मालाची जहाजं जातात, त्यांच्यासाठी वाट फोडलेली असते. पुलाखाली, चिंचोळ्या जागी पाणी वाहतं राहतं, तिथं बर्फ पातळ. हे कालव्याच्या बांधावर उभं राहूनही कळतं. चालायला निदान १० सेंटीमीटर सलग घट्ट बर्फ हवा, आणि वर हिम साचलं की खालचं काही दिसत नाही. तिथले जाणते लोक गळ्यात दोन टोचे अडकवतात. पडलं तर ते बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. दोरही घेतात, एकटं कोणी जात नाही. पोहता येतं या भरवशावर राहू नकोस, त्या गारठ्यात आधी श्वासच कोंडतो.

झालं, पुन्हा व्याख्यान. माफ कर.

नानांचं ते झाल्यावर आक्काने मला विहिरीची पायरीही उतरू दिली नाही. तुला म्हणूनच हट्टाने शिकवलं. पाठीला डबा बांधून ढकललं, तर तू हसतच वर आलास, नाकातोंडात पाणी आणि वर "अजून एकदा!" काठावर पाय माझे लटपटत होते. २०१९ च्या पुरात त्याच आक्काला पाठुंगळी घेऊन छातीभर पाण्यातून तूच आणलंस. गल्लीत अजून सांगतात लोक. मी ऐकत उभा राहतो, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. तुला हे कधी बोललो नसेन.

तेव्हा जा. सौरभ तिथं पाच हिवाळे राहिलाय, त्याला माझ्याहून जास्त कळतं. फक्त तो नको म्हणाला तर नको.

शनिवारी तुमच्या चारला फोन कर, इथं साडेआठ वाजलेले असतील. आई मालिका बघत असते, मी गच्चीत असेन.

टोचे गळ्यात घातलेला फोटो पाठव. नाही पाठवलास तरी चालेल. पण पाठव.

तुझे,
बाबा