खोकल्याचं औषध देण्याआधी: सर्व खेळाडू व पालकांसाठी सूचना

नमस्कार. हवा बदलली आहे, मुलं खोकतायत आणि निवड चाचणी तोंडावर आलीय. म्हणून कळकळीची विनंती, घरात उरलेलं कफ सिरप परस्पर देऊ नका. २०१९ मध्ये मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या डोपिंग चाचणीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे खेळाडूंना बंदी असलेलं द्रव्य सापडलं. ते खोकल्याच्या औषधातून आल्याचं त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं, तरी ८ महिन्यांची बंदी आलीच. मूल स्पर्धा खेळतं हे डॉक्टरांना आधीच सांगा. औषध 'नाडा'च्या (देशातली डोपिंगविरोधी संस्था) 'नो युवर मेडिसिन' अ‍ॅपवर तपासा. दम्याचा पंप मात्र कुणीही बंद करू नका! गरज असल्यास उपचारासाठी रीतसर सूट मागता येते, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. जिममध्ये कुणी दिलेली बिनलेबलची पावडर अजिबात नको. शंका आली तर गोळी घेण्याआधी मला फोन करा, रात्री उशिरा केलात तरी चालेल.
— प्रशिक्षक